‘तीन अधिक चार किती?’ एवढ्यावर स्पॅम थांबेल का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका छोट्या संस्थेची साइट तुम्ही सांभाळता. तिथे वाचकांसाठी अभिप्रायाचा उघडा फॉर्म आहे: नाव, ईमेल, मजकूर, बस. लॉगिनची अट नाही आणि ती घालायचीही नाही. गेल्या दोन महिन्यांपासून रोज दोन-अडीचशे स्पॅम पडतंय, तर खरे अभिप्राय आठवड्याला जेमतेम दहा-बारा. वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र लावून पाहिलंत. स्पॅम थोडं घटलं, पण वाचक कुरकुरले आणि दोघांनी ‘अक्षरं दिसतच नाहीत’ म्हणून नाद सोडला. आता ते चित्र हटवून ‘तीन अधिक चार किती’ असा साधा बेरजेचा कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र, हे तपासायचं कोडं) लावायचा विचार आहे, पण तो ‘सेफ’ आहे का अशी शंका आहे.

बेरजेचा कॅप्चा सेफ नाही, पण तुमचं काम त्याच्यावर बहुतेक भागेल. आणि त्याच्या आधी दोन-तीन गोष्टी नीट केल्यात, तर वाचकाला बेरीज विचारायची वेळच कदाचित येणार नाही. मी गेली पंधरा-सोळा वर्षं असल्याच लहान साइट बनवतो आणि सांभाळतो. यातली बरीचशी अक्कल मला चुका करूनच आलेली आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

‘सेफ आहे का’ हा प्रश्न अर्धाच आहे. कुणापासून सेफ, हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तुमच्या दारावर तीन प्रकारची मंडळी येऊ शकतात. पहिली म्हणजे आंधळे बॉट. लाखो पत्त्यांची यादी घेऊन एक प्रोग्राम फिरत असतो. दिसेल तो फॉर्म, दिसेल तो रकाना भरायचा आणि पाठवायचा. तुमची साइट काय आहे, कुठल्या भाषेत आहे, पाठवलेलं छापून आलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या लोकप्रिय सॉफ्टवेअरसाठी खास लिहिलेले बॉट. वर्डप्रेसचंच घ्या: तिथे अभिप्राय कोणत्या फाइलकडे जातो आणि रकान्यांची नावं काय, हे जगजाहीर आहे. त्यामुळे बॉट पान उघडायच्या भानगडीत न पडता थेट त्या फाइलवरच मजकूर फेकतो. तिसरा प्रकार म्हणजे तुमच्याच साइटवर डोळा ठेवून बसलेला माणूस, किंवा पैसे देऊन बसवलेली माणसं.

हा तिसरा प्रकार आला की कोणताही कॅप्चा लंगडा पडतो. कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा केव्हापासून आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये या धंद्याचा अभ्यास केला, तेव्हा माणसांकडून हजार कॅप्चा सोडवून घ्यायचा भाव साधारण १ डॉलर होता. एवढ्या स्वस्तात माणूस मिळत असेल, तर ‘फक्त माणसालाच जमेल असं कोडं’ घालून करायचं काय? सुदैवाने लहान साइटसाठी हा एक डॉलरही कुणी खर्च करत नाही. तुमचे दोन-अडीचशे स्पॅम जवळजवळ नक्कीच पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकारचे आहेत.

हे फुकटचं दळण दळतात तरी कशाला, असं वाटतं. बहुतेकांना लिंक पेरायची असते, म्हणजे सर्च इंजिनांत त्यांची साइट वर चढेल. ही वाट बंद करायला गूगलने जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ आणलं, याहू आणि एमएसएननेही साथ दिली. तशी खूण असलेल्या लिंकला क्रमवारीत वजन द्यायचं नाही, असा तो बेत. अभिप्रायांतल्या लिंकना ती खूण जरूर लावा, पण तिने स्पॅम थांबेल अशी आशा धरू नका. इतक्या वर्षांत थांबलेलं नाही, आणि कारण साधं आहे: लिंकला वजन आहे की नाही हे तपासत बसण्यापेक्षा ती टाकून पुढे जाणं बॉटला स्वस्त पडतं. पुढचं सगळं मी याच हिशोबाने सांगतोय. बॉटवाल्याचा एका साइटमागचा खर्च शून्याच्या जवळ असतो. तो खर्च किंचितही वाढला, तर बॉटवाला तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणून आधी कॅप्चा शोधू नका. सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कुणी कधी काय मागितलं त्याची नोंद, उघडा आणि एका रात्रीच्या ओळी वाचा. माझ्याकडच्या एका साइटचा लॉग असा होता: रात्री २ वाजून १४ मिनिटांनी एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून) फॉर्मच्या पत्त्यावर पोस्ट, म्हणजे भरलेला फॉर्म, पुढच्याच सेकंदाला दुसरी, मग तिसरी. त्याआधी त्या आयपीने ते पान मागितलेलंच नाही. पानाचं रूप ठरवणारी स्टाइलशीट नाही, चित्रं नाहीत, टॅबवर दिसतं ते चिमुकलं फेविकॉनसुद्धा नाही. माणूस आला की लॉगमध्ये दहा-वीस ओळींचा घोळका दिसतो: आधी पान, मग त्याच्या मागोमाग फाँट, चित्रं, स्क्रिप्ट, आणि मग दोन-चार मिनिटांनी एक पोस्ट. (नेहमीच्या वाचकाच्या ब्राउझरने स्टाइलशीट आधीच साठवून ठेवलेली असते, म्हणून तेवढ्यावरून कुणाला बॉट ठरवू नका.) दोनशे ओळी वाचल्यात की तुमच्याकडे कोण येतंय ते कळेल. पान न उघडताच पोस्ट होत असेल तर उपाय एक, पान उघडून दोन सेकंदांत पोस्ट होत असेल तर दुसरा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. कोडला हात लावता येतो की फक्त प्लगिन टाकता येतं? पानं कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या तयार प्रतीतून, दिली जातात का? अभिप्राय लगेच छापला जातो की आधी कुणीतरी वाचतं? तुमचे वाचक कसे आहेत: जुने फोन, मंद नेट, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणारे? यांची उत्तरं वेगळी असतील तर माझा क्रमही थोडा बदलेल. तुम्ही कोड बदलू शकता असं धरून मी पुढे लिहितो.

माझी पहिली पायरी म्हणजे सही केलेलं टोकन. वाचक पान उघडतो तेव्हा सर्व्हरने फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना घालायचा. त्यात पानाचा क्रमांक, त्या क्षणाची वेळ, आणि या दोन्हींवर सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली सही, म्हणजे एचमॅक. फॉर्म परत आला की सही जुळते का ते पाहायचं. पान न उघडता थेट पोस्ट करणाऱ्याकडे हे टोकन नसतंच, तो दारातच अडकतो. वाचकाला यातलं काहीही दिसत नाही. माझ्या अनुभवात लहान साइटवरचा सगळ्यात मोठा गठ्ठा इथेच गळतो. फॉर्म ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता आणि रकान्यांची नावं सर्वांना ठाऊक असलेल्या नावांपेक्षा वेगळी ठेवलीत, तर दुसऱ्या प्रकारचे बॉटही बरेच चुकतात.

टोकन एकदाच चाललं पाहिजे. नाहीतर बॉट एकदा पान उघडतो, टोकन उचलतो आणि त्याच टोकनावर हजार स्पॅम पाठवतो. वापरलेल्या सह्या टोकनाची मुदत संपेपर्यंत डेटाबेसमध्ये टिपून ठेवल्या की झालं.

टोकनात वेळ आहेच, तिचाही उपयोग करा. पान उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांच्या आत नाव, ईमेल आणि चार ओळींचा मजकूर भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण दुसऱ्या टोकाला सावध राहा. लोक टॅब उघडा ठेवून जेवायला जातात, दुसऱ्या दिवशी येऊन वाक्य पुरं करतात. मुदत उलटली म्हणून त्यांचा मजकूर फेकून दिलात तर तो वाचक गेला. मजकूर तसाच ठेवून, नवं टोकन घालून फॉर्म परत दाखवा, ‘पुन्हा एकदा पाठवा’ म्हणून सांगा. मी मुदत बारा तासांची ठेवतो. आणि पानं कॅशमधून जात असतील तर इथे हमखास ठेच लागते, कारण कालचं टोकन आज शंभर जणांना वाटलं जातं: वेळ जुनी, टोकन एकच, आणि खरे अभिप्रायही नाकारले जातात. अशा ठिकाणी वाचकाने मजकुराच्या चौकटीत कर्सर ठेवला की जावास्क्रिप्टने सर्व्हरकडून ताजं टोकन मागवायचं. यात फायदाही आहे, कारण जावास्क्रिप्ट न चालवणारे बॉट आपोआप बाहेर राहतात. तोटा असा की जावास्क्रिप्ट बंद ठेवणारे थोडे वाचकही बाहेर राहतात. त्यांच्यासाठी फॉर्मखाली ईमेलचा पत्ता द्या.

दुसरी पायरी हनीपॉट. फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवायचा, स्टाइलशीटने तो नजरेआड करायचा. माणसाला दिसत नाही म्हणून तो रिकामा राहतो. बॉटला एचटीएमएलमध्ये दिसतो म्हणून तो भरतो. भरला गेला, की स्पॅम. ऐकायला इतकं सोपं वाटतं, की मी पहिल्यांदा केलं तेव्हा फार विचार न करता त्या रकान्याला फोन नंबरचं नाव दिलं. आठवड्याभरात स्पॅम जवळपास शून्यावर आलं आणि मी स्वतःवर खूश. तीन आठवड्यांनी एका नेहमीच्या वाचकाने साइटच्या मालकांना विचारलं, ‘माझं लिहिणं तुम्हाला आवडत नाही का? चार अभिप्राय पाठवले, एकही छापला नाहीत.’ पाहिलं तर त्यांचा ब्राउझर नाव-ईमेल आपोआप भरताना तो लपलेला फोनचा रकानाही इमानेइतबारे भरत होता. आणि मी तर स्पॅम ठरलेला मजकूर कुठेही न साठवता, वर ‘धन्यवाद, आपला अभिप्राय मिळाला’ असं दाखवून फेकून देत होतो. किती जणांचे गेले, ते आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. लपलेल्या रकान्याला ब्राउझर आपणहून भरेल असं नाव द्यायचं नाही: फोन नको, पत्ता नको, शहर नको, कंपनी नको. ऑटोकम्प्लीट बंद ठेवायचं, पण त्यावर विसंबायचं नाही, ब्राउझर ते कधी पाळतात कधी नाही. टॅबच्या क्रमातून रकाना वगळायचा, म्हणजे कीबोर्डने फॉर्म भरणारा माणूस त्यात अडकत नाही. स्क्रीन रीडरपासूनही तो लपवायचा, आणि तरी कुणाला दिसलाच तर लेबलवर स्पष्ट लिहायचं: ‘हा रकाना रिकामा ठेवा’. सगळ्यात महत्त्वाचं, हनीपॉटमध्ये सापडलेलं काही फेकायचं नाही. वेगळ्या ढिगात टाकायचं आणि पहिला महिना तो ढीग रोज चाळायचा.

इथवर जे झालं त्यात वाचकाला एकही प्रश्न विचारलेला नाही. टोकन, वेळ आणि हनीपॉट मिळून एका दुपारचं काम आहे. मी तुमच्या जागी असतो तर इतकंच करून दोन आठवडे थांबलो असतो. त्यानंतरही रोज पाच-दहापेक्षा जास्त स्पॅम आत येत असेल, तरच बेरजेकडे वळायचं.

आता बेरीज. ती मोडते ती गणित सोपं असतं म्हणून क्वचित. बहुतेकदा लिहिणाऱ्याच्या ढिलाईमुळे मोडते. दुसऱ्यांचं बांधकाम दुरुस्त करताना त्याच त्या चुका मी इतक्यांदा पाहिल्यात, की आता फॉर्म उघडला की आधी त्याच शोधतो.

पहिली चूक म्हणजे उत्तर फॉर्ममध्येच लपवणं. ‘३ + ४’ समोर दाखवलं आणि लपलेल्या रकान्यात ‘७’ ठेवला. पोस्ट झाल्यावर सर्व्हर दोन रकाने एकमेकांशी ताडून पाहतो. बॉटने दोन्हीकडे ‘क’ लिहून पाठवलं तरी पास! मग कुणीतरी शहाणपणा करून उत्तराचा एमडी-५ हॅश, म्हणजे उत्तरावरून काढलेला सांकेतिक ठसा, ठेवतो. एक ते नऊमधल्या दोन अंकांच्या बेरजा २ ते १८, म्हणजे सगळी मिळून सतरा उत्तरं. सतरा हॅशांची यादी करायला कितीसा वेळ लागतो?

दुसरी चूक म्हणजे तपासणी फक्त जावास्क्रिप्टमध्ये करणं. ब्राउझरमध्ये लाल अक्षरांत ‘उत्तर चुकलं’ दिसतं, छान वाटतं. पण बॉट ब्राउझर वापरतच नाही, त्याला ती लाल अक्षरं कोण दाखवणार? तपासणी सर्व्हरवर झाली नाही तर ती झालीच नाही असं समजा.

तिसरी चूक माझ्या आवडीची आहे, कारण ती फार शहाण्यांच्या कोडमध्येही सापडते. उत्तर सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने त्या वाचकापुरत्या ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदीत, ठेवलेलं असतं, तपासणीही सर्व्हरवर असते, सगळं चोख. पण बॉटने पान उघडलेलंच नाही, त्यामुळे त्याचं सेशनच नाही. सेशनमधलं उत्तर म्हणजे नल, काहीच नाही. बॉट उत्तराचा रकाना रिकामा पाठवतो. पीएचपीमध्ये दोन बरोबर-चिन्हांची ढिली तुलना केली, की नल आणि रिकामी स्ट्रिंग सारखेच ठरतात. म्हणजे ज्याने प्रश्न पाहिलाच नाही आणि उत्तर दिलंच नाही, तो उत्तीर्ण! एका साइटवर मी दिवसभर डोकं खाजवत होतो, की बेरीज लावूनही स्पॅम तसूभरही कमी का होत नाही. तीन बरोबर-चिन्हं केली, ‘सेशनमध्ये उत्तर नसेल तर नाकारा’ अशी एक ओळ घातली, आणि संध्याकाळपर्यंत फॉर्म शांत झाला.

चौथी चूक टोकनसारखीच. उत्तर एकदा तपासलं की सेशनमधून लगेच पुसायचं, बरोबर असो वा चूक. नाहीतर एकदा सोडवलेली बेरीज पुन्हापुन्हा चालते.

या चारही चुका टाळल्या तरी अंदाजाची वाट उरतेच. एक ते नऊमधले दोन अंक घेतले तर ८१ जोड्या होतात, आणि त्यांतल्या ९ जोड्यांची बेरीज १० येते. दरवेळी डोळे मिटून ‘१०’ लिहिणारा बॉट नऊपैकी एकदा पास होईल. दोनशे स्पॅममागे बावीसेक आत. हे टाळायला एक अंक दोन आकडी घ्या, किंवा आकडे अक्षरांत लिहा: ‘सतरातून पाच वजा केले तर?’ पण त्याच्यापुढे जाऊ नका. गुणाकार, कंस, तीन पायऱ्यांची गणितं हे मी पाहिलंय. त्याने बॉटला काडीचाही त्रास होत नाही, वैतागतो तो माणूस. आकड्यांत गोंधळ होणारे लोक आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ असतात, आणि ते तसं सांगत नाहीत, फॉर्म बंद करून निघून जातात.

खरं तर बेरजेपेक्षा मला शब्दांचा प्रश्न बरा वाटतो. तुमच्या साइटपुरता, वाचकाला पटकन सुचेल असा. ‘या लेखाच्या शीर्षकातला पहिला शब्द लिहा’ हा माझा नेहमीचा. बेरजेचा कॅप्चा हजारो साइटवर एकाच साच्यात असतो, म्हणून एखादा बॉटवाला त्यासाठी दहा ओळी लिहून ठेवतो. तुमचा प्रश्न फक्त तुमच्याकडे असतो, त्यासाठी कोण दहा ओळी लिहिणार? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या संस्थापकांपैकी जेफ ॲटवुड यांच्या स्वतःच्या लेखनाच्या साइटवर याची मजेदार पावती मिळाली. तिथे चित्रातला कॅप्चा होता, पण शब्द कायम एकच: ‘ऑरेंज’. रोज तोच, सगळ्यांना तोच. तरीही आंधळे बॉट त्यावर अडत राहिले, कारण ते तिथे थांबून पाहतच नव्हते.

मराठी साइटवर शब्दांचा किंवा बेरजेचा प्रश्न ठेवताना एक काळजी मात्र घ्या, आणि ती इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. उत्तर ‘७’ असेल तर वाचक देवनागरी सात लिहील, इंग्रजी आकड्यातला सात लिहील किंवा अक्षरांत ‘सात’ लिहील. तिन्ही बरोबर धरा. मागचे-पुढचे स्पेस काढा. आणि उत्तराचा शब्द साधा निवडा. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एका कोडनेही लिहिता येतं, आणि ‘र’ अधिक नुक्ता असंही. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतला तो अर्धा र काही कीबोर्ड आणखी तिसऱ्याच पद्धतीने, न दिसणारा जोडक घालून टाइप करतात. पडद्यावर सगळं सारखं दिसतं, आणि सर्व्हर म्हणतो चूक. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायच्या पद्धतीने) एक होतात, तिसरी होत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच: लोकांचं शुद्धलेखन तपासायला आपण बसलेलो नाही. ‘पाणी’, ‘घर’ असले सरळ शब्द घ्या, किंवा सरळ यादीतून निवडायला द्या.

मग मोठे तयार कॅप्चा का नकोत? नकोतच असं नाही, पण त्यांच्या मर्यादा माहीत असाव्यात. १९९७ च्या सुमाराला अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनला आपोआप पत्ते नोंदवणाऱ्या प्रोग्रामांचा उपद्रव झाला, तेव्हा त्यांनी वाकडी अक्षरं वापरायला सुरुवात केली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि मंडळींनी या कल्पनेला कॅप्चा हे नाव आणि शास्त्रीय बैठक दिली. २००३ च्या त्यांच्या निबंधात एक गमतीचा युक्तिवाद आहे: कॅप्चा टिकला तर सुरक्षा मिळाली, आणि मोडला तर कृत्रिम बुद्धिमत्तेतलं एक अवघड कोडं सुटलं, म्हणजे दोन्हीकडून जीत. वाकड्या अक्षरांपुरतं पाहिलं तर दुसरं घडलं. २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केलं, की त्यांची प्रणाली सगळ्यात अवघड वाकडी अक्षरं ९९.८ टक्के अचूक वाचते. २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी अंधांसाठी असलेला, गूगलच्या रीकॅप्चा या तयार कॅप्चाचा आवाजी पर्याय सर्वांना उपलब्ध असलेल्या स्पीच-टू-टेक्स्ट सेवांना ऐकवून सुमारे ८५ टक्के वेळा सोडवला. तुम्ही हटवायच्या विचारात आहात तो चित्र-कॅप्चा आज बॉटपेक्षा माणसालाच जास्त अडवतो. तो गेलेलाच बरा.

याच कारणाने मोठ्या सेवांनी कोडं घालणं कमी करत नेलं. गूगलच्या रीकॅप्चाची २०१८ ची तिसरी आवृत्ती वाचकाला काही विचारतच नाही, ० ते १ मध्ये गुण देते आणि काय करायचं ते तुमच्यावर सोडते. क्लाउडफ्लेअरचं २०२२ मध्ये आलेलं टर्नस्टाइलही बहुतेक वेळा गुपचूप तपासणी करून मोकळं होतं. टोकन-हनीपॉट करूनही भागलं नाही तर मी या दोघांपैकी दुसऱ्याकडे आधी वळतो, कारण त्यात गुणांवरून काय करायचं ते आपल्याला ठरवत बसावं लागत नाही. पण लक्षात घ्या, वाचकाच्या ब्राउझरमध्ये तिसऱ्याच कंपनीची स्क्रिप्ट चालते, वाचकाची माहिती त्या कंपनीकडे जाते, आणि ती सेवा ज्या नेटवर्कवर पोहोचत नाही तिथला वाचक बाहेर राहतो. आठवड्याला दहा अभिप्रायांसाठी एवढा पसारा हवा का, ते तुम्ही ठरवा. शिवाय त्यांचंही टोकन सर्व्हरवर तपासावं लागतं. पानावर चौकोन दिसतोय पण सर्व्हरवर त्याची चौकशीच नाही, असे फॉर्म मी एकापेक्षा जास्त पाहिलेत.

आयपी बंद करत बसू नका. बॉट आयपी बदलतात, आणि मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात. एक बॉट अडवायला जाल आणि एक गावच बाहेर काढाल. एका आयपीवरून मिनिटाला दोन-तीनच पोस्ट घ्यायच्या, एवढी गाळणी ठीक.

एवढं सगळं ओलांडून जे येईल ते मजकुरावरून ओळखायचं. दोनपेक्षा जास्त लिंक असतील तर रोखून ठेवा. तुमचे अभिप्राय मराठीत येत असतील तर ‘मजकुरात एकही देवनागरी अक्षर नाही’ ही खूण विलक्षण कामाची आहे, पण तेवढ्यावर नाकारू नका, रोमन लिपीत मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत, फक्त रोखा. ज्याचा अभिप्राय पूर्वी एकदा तुम्ही मान्य केलाय त्याला पुढे थेट सोडा. जुन्या लेखांवरचे अभिप्राय काही दिवसांनी बंद करता येतात, स्पॅम बहुधा जुन्याच पानांवर साचतं. वर्डप्रेस असेल तर देवनागरीची खूण सोडून हे सगळं चर्चेच्या सेटिंगमध्ये तयार आहे, पिंगबॅक-ट्रॅकबॅकही (दुसऱ्या साइटने तुमची लिंक दिल्याच्या आपोआप येणाऱ्या सूचना) तिथेच बंद करा. ॲकिस्मेट ही स्पॅम गाळणारी सेवा २००५ पासून हेच मजकूर ओळखायचं काम करतंय. आठवड्याला दहा-बारा अभिप्राय म्हणजे छापण्याआधी प्रत्येक वाचणंही अशक्य नाही, खरं तर तुमच्यासारख्यांनी तेच करावं असं माझं मत. तसं असलं की आत घुसलेल्या पाच स्पॅमने कुणाचं काही बिघडत नाही, पुसायला मिनिट लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगून ठेवतो, कारण यात स्पॅमहून मोठं नुकसान होतं. फॉर्म भरला की तुमची साइट कुणाला ईमेल पाठवते का? ‘धन्यवाद’ म्हणून दिलेल्या पत्त्यावर पोच जात असेल आणि त्यात भरणाऱ्याचा मजकूरही असेल, तर बॉट तिथे दुसऱ्याच कुणाचा पत्ता घालतो आणि तुमच्या सर्व्हरकडून त्याला जाहिरात पाठवून घेतो. थोड्याच दिवसांत तुमच्या डोमेनवरची खरी पत्रंही लोकांच्या स्पॅमपेटीत जायला लागतात. पोच बंद करा, किंवा तिच्यात मजकूर घालू नका. आणि नाव-ईमेलच्या रकान्यात आलेल्या नव्या ओळी काढून टाका; त्या तशाच मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे पत्ते-विषय असलेल्या वरच्या भागात, गेल्या तर कुणीही आणखी शंभर पत्ते त्यात घुसवू शकतो.

तर आज रात्री लॉग उतरवून घ्या. स्पॅम पडलेल्या वेळांच्या आसपासच्या वीसेक ओळी, आयपीचे शेवटचे आकडे खोडून, मला पाठवा. पोस्टच्या आधी पान मागितलेलं आहे का आणि मधे किती सेकंद गेले, हे दिसलं की टोकनने भागेल की बेरजेपर्यंत जावं लागेल ते सांगता येईल. पानं कॅशमधून जातात का, तेही त्याबरोबर कळवा.